जवळची वाट बंद झाल्यानंतरची फिनएअर

विमान कंपनीचे परीक्षण बहुधा आसनाच्या रुंदीपासून किंवा जेवणाच्या ताटापासून सुरू होते. फिनएअरच्या बाबतीत मात्र सुरुवात नकाशापासून करावी लागते, कारण या कंपनीने तीन दशकांहून अधिक काळ प्रवाशांना जे विकले ते मुळात फिनलंडचे भौगोलिक स्थान होते. पृथ्वीच्या गोलावर लंडन, पॅरिस किंवा बर्लिनपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो स्कँडिनेव्हियाकडे चढतो आणि मग रशियाच्या विस्तीर्ण उत्तर भागावरून जपानकडे उतरतो. हेलसिंकी या रेषेच्या इतके जवळ आहे, की तिथे विमान बदलल्याने प्रवासाचे एकूण अंतर फारसे वाढत नसे. आखाती देशांतल्या मोठ्या कंपन्या प्रवाशाला दक्षिणेकडे वळसा घालायला लावत असताना, जेमतेम ५५ लाख लोकसंख्येच्या देशातली ही मध्यम आकाराची कंपनी त्याला जवळच्या वाटेने नेत होती. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युरोपीय संघातील देशांसह ३६ देशांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ही वाट एका दिवसात नाहीशी झाली. त्यानंतर फिनएअरचे तिकीट कोणी, कशासाठी आणि कोणत्या मार्गावर काढावे, याचा विचार मी या परीक्षणात केला आहे.

जवळच्या वाटेचा फायदा प्रवाशाच्या वाचलेल्या वेळेपुरता नव्हता, कंपनीचे सगळे वेळापत्रक त्यावर उभे होते. हेलसिंकीहून टोकियोचे सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि सायबेरियावरून ते साधारण साडेनऊ तासांत कापले जाई. संध्याकाळी पाचच्या सुमारास हेलसिंकीहून निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी जपानमध्ये उतरे, तिथे साफसफाई, इंधन आणि नवे प्रवासी घेऊन परत फिरे आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या आसपास पुन्हा हेलसिंकीला पोहोचे. म्हणजे एकच विमान चोवीस तासांत पूर्ण फेरी मारून त्याच संध्याकाळी पुन्हा पूर्वेकडे निघायला मोकळे होई. दुपारी आशियातून आलेल्या विमानांतले प्रवासी तासाभरात युरोपभर जाणाऱ्या लहान विमानांत चढत, आणि त्याच सुमारास युरोपातून आलेले प्रवासी आशियाकडे निघणाऱ्या विमानांत बसत. फ्रँकफर्ट किंवा लंडनहून पूर्व आशियाची अशी फेरी चोवीस तासांत बसवणे कठीण असते, कारण दोन्ही बाजूंनी दीड-दोन तास वाढतात. कोट्यवधी युरो किमतीचे विमान जमिनीवर उभे न राहता सतत उडत राहणे हा या धंद्यातल्या नफ्याचा पाया आहे, आणि फिनएअरला तो पाया हेलसिंकीच्या जागेमुळे मिळाला होता.

या वाटेचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे, कारण २०२२ मध्ये जे घडले त्याचा काही भाग कंपनीने पूर्वी अनुभवलेला होता. १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने हेलसिंकी ते टोकियो ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत संघाचे आकाश तिच्यासाठी खुले नव्हते. विमान उत्तर ध्रुवाकडे जाई, अलास्काच्या बाजूने बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून खाली उतरे आणि सुमारे तेरा तासांनी टोकियोला पोहोचे. त्या काळी युरोपातले बहुतेक प्रवासी जपानला जाताना अलास्कातल्या अँकरेजला थांबत. तो थांबा टाळणे हेच मोठे आकर्षण होते. १९८८ मध्ये बीजिंगची विनाथांबा सेवा आली. पुढे सायबेरियावरून उडण्याची परवानगी मिळाली आणि जपान, चीन, कोरिया, हाँगकाँग हे कंपनीचे मुख्य क्षेत्र झाले. चीनमध्ये तर छोंगछिंग आणि शिआन यांसारख्या, युरोपीय कंपन्या सहसा जात नसलेल्या शहरांतही तिने आपली विमाने नेली. २०१९ च्या अखेरीस जपानमधील साप्पोरोही तिच्या वेळापत्रकात आले. एवढ्या लहान देशाच्या कंपनीने एवढा धाडसी विस्तार केला याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण सगळा डाव एकाच शेजाऱ्याच्या परवानगीवर लावलेला होता, हेही तेवढेच खरे आहे.

हा शेजारी कसा वागू शकतो, याची आठवण कंपनीच्या इतिहासातच आहे. १ नोव्हेंबर १९२३ रोजी एरो या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीने मार्च १९२४ मध्ये हेलसिंकी ते तालिन हे पहिले उड्डाण केले. युंकर्स एफ-१३ हे ते छोटे विमान पाण्यावर उतरणारे होते, कारण तेव्हा हेलसिंकीला विमानतळच नव्हता. याच मार्गावर १४ जून १९४० रोजी तालिनहून निघालेले ‘कालेवा’ हे प्रवासी विमान दोन सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांनी पाडले. त्या वेळी फिनलंड युद्धात नव्हता, आणि विमानातले नऊही जण मरण पावले. शंभरी ओलांडलेल्या या कंपनीच्या वाटचालीत पूर्वेकडील आकाश कधी बंद, कधी खुले आणि कधी जीवघेणे राहिले आहे. आज तिच्या आशियाई मार्गांचे मूल्यमापन करताना ही पार्श्वभूमी बाजूला ठेवता येत नाही.

हवाई हद्द बंद झाल्यावर फिनएअरने काही दिवसांतच ध्रुवावरून जाणारी वाट पुन्हा आखली आणि मार्च २०२२ मध्ये टोकियोची सेवा सुरू ठेवली. आता जपानला जाणारे विमान दोनपैकी एका मार्गाने जाते. उत्तरेचा मार्ग नॉर्वेवरून ध्रुवाकडे आणि तिथून अलास्काच्या बाजूने खाली येतो; दक्षिणेचा मार्ग तुर्कस्तान, कॉकेशस आणि मध्य आशियावरून चीनमार्गे जातो. त्या दिवशीचे वारे पाहून मार्ग ठरतो, आणि प्रवास बारा ते तेरा तासांवर जातो. ध्रुवीय मार्गाचे तांत्रिक प्रश्न वेगळे आहेत. विमानाचे इंधन साधारण उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते, त्यामुळे अतिथंड हवेच्या पट्ट्यातून जाताना टाक्यांमधल्या इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. दोन इंजिनांच्या विमानाने पर्यायी विमानतळापासून किती वेळाच्या अंतरात राहावे याचे नियम ध्रुवाजवळ अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. आणि लांबलेल्या उड्डाणासाठी जास्तीचे वैमानिक बरोबर न्यावे लागतात. हे सर्व फिनएअरने फार गाजावाजा न करता आणि फार लवकर उभे केले. सुरुवातीच्या काळात ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना प्रमाणपत्र दिले जाई, आणि खिडकीखाली पसरलेला आर्क्टिकचा बर्फ पाहायला मिळावा म्हणून मुद्दाम हे विमान निवडणारे प्रवासीही होते. तरीही साडेनऊ तासांचे तेरा तास झाले म्हणजे चोवीस तासांची फेरी मोडली, इंधनाचा खर्च वाढला आणि चिनी कंपन्यांच्या तुलनेत फिनएअर मागे पडली, कारण त्या कंपन्या आजही रशियावरून उडतात. दिल्लीच्या सेवेलाही हाच वळसा पडला, फक्त त्याची लांबी कमी.

म्हणून माझे पहिले मत स्पष्ट आहे. युरोपातून पूर्व आशियात लवकर पोहोचायचे असेल, तर आज फिनएअर निवडण्याचे भौगोलिक कारण उरलेले नाही. हेलसिंकीमार्गे गेल्याने वाचणारा वेळ हे तिचे मुख्य बलस्थान होते, आणि ते तिच्या हातात नसलेल्या कारणाने गेले. आता तिला इतर कंपन्यांच्या शेजारी बसवून, त्यांच्याच मापाने तोलावे लागते.

त्या मापाने पाहिले तर विमानांचा ताफा ही तिची सर्वांत भक्कम बाजू आहे, निदान लांबच्या मार्गांवर. एअरबस ए-३५० हे विमान घेणारी फिनएअर ही पहिली युरोपीय कंपनी. ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिले विमान तिच्याकडे आले, आणि एकूण १९ विमानांची मागणी तिने नोंदवलेली होती. नव्या विमानाचा पहिला ग्राहक होण्याची सवय तिला आधीपासून आहे: १९९० मध्ये एमडी-११ हे विमान प्रवासी सेवेत आणणारी जगातली पहिली कंपनीही तीच होती. ए-३५० चे फायदे प्रवाशाला शरीराने जाणवतात. केबिनमधला हवेचा दाब सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या हवेइतका राखला जातो, जुन्या विमानांपेक्षा हवा कमी कोरडी असते आणि आवाजही कमी असतो. तेरा तासांच्या प्रवासात या तीन गोष्टींचे महत्त्व कोणत्याही सजावटीपेक्षा जास्त आहे. विशेष म्हणजे सायबेरियावरच्या जवळच्या वाटेसाठी घेतलेल्या या विमानांचा पल्ला एवढा होता, की वाट लांबली तेव्हा तीच विमाने ध्रुवावरूनही न थांबता जाऊ शकली. ए-३५० ऐवजी कमी पल्ल्याच्या विमानांवर कंपनी अवलंबून असती, तर जपानची सेवा इतक्या लवकर सावरली असती असे मला वाटत नाही.

दुसरी मोठी विमाने म्हणजे आठ ए-३३०. वळसा पडल्यानंतर यांच्यासाठी पुरेसे काम उरले नाही, आणि इथे कंपनीने घेतलेले निर्णय अभ्यासण्यासारखे आहेत. काही ए-३३० विमाने कतार एअरवेजच्या सहकार्याने हेलसिंकी, स्टॉकहोम आणि कोपनहेगनहून दोह्याला जाऊ लागली. दोन विमाने क्वांटासला कर्मचाऱ्यांसह भाड्याने देण्यात आली, आणि फिनलंडचे वैमानिक सिडनीहून सिंगापूर व बँकॉकला क्वांटासचे प्रवासी नेऊ लागले. काही ए-३२१ विमाने ब्रिटिश एअरवेजसाठी उडाली. अमेरिकेकडे डॅलस आणि सिअ‍ॅटल हे दोन नवे मार्ग २०२२ मध्ये उघडले. या निवडीमागे हिशेब होता: डॅलस हे अमेरिकन एअरलाइन्सचे मुख्य केंद्र आणि सिअ‍ॅटल हे अलास्का एअरलाइन्सचे, आणि दोन्ही कंपन्या वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या समूहात आहेत, ज्यात फिनएअर १९९९ पासून आहे. तिथे उतरलेल्या प्रवाशाला पुढचे विमान त्याच तिकिटावर मिळते. विमाने उभी ठेवून तोटा सोसण्यापेक्षा ती दुसऱ्याच्या रंगमंचावर का होईना, पण उडती ठेवण्याचा हा मार्ग मला योग्य वाटतो.

आता आसनांकडे वळू. फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे हवाई हद्द बंद होण्याच्या काही दिवस आधी, फिनएअरने २० कोटी युरो खर्चाच्या केबिन नूतनीकरणाची घोषणा केली, आणि संकट येऊनही ते काम पूर्ण केले. त्यातला सर्वांत वेगळा भाग म्हणजे बिझनेस क्लासचे ‘एअरलाउंज’ आसन. या आसनाची पाठ मागे झुकत नाही. उंच, गोलाकार भिंतीच्या आत सोफ्यासारखी बैठक आहे, आणि झोपायच्या वेळी पायाकडचा भाग वर घेऊन सपाट पलंग तयार केला जातो. हलणारे भाग कमी असल्याने वजन कमी होते आणि बिघाडही कमी होतात, शिवाय मोकळी जागा वाढते, हा त्यामागचा विचार आहे. मांडणी एक-दोन-एक अशी असल्याने प्रत्येकाला थेट मधल्या वाटेवर येता येते.

या आसनाबद्दल प्रवाशांची मते टोकाची आहेत, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कुशीवर झोपणाऱ्या, पाय पोटाशी घेऊन बसणाऱ्या किंवा मांडी घालून वाचत बसणाऱ्या माणसासाठी एवढी मोकळीक दुसऱ्या कोणत्याही बिझनेस क्लासमध्ये क्वचितच मिळते. खांदे आणि गुडघे कुठेही अडकत नाहीत. पण पाठ किंचित मागे कलवून, अर्धवट पहुडून चित्रपट पाहायचा असेल, तर इथे उशा रचून स्वतःच जागा तयार करावी लागते. तासन्‌तास ताठ बसणे किंवा पूर्ण आडवे होणे या दोन अवस्थांच्या मधली अवस्था ज्यांना हवी असते, आणि तशी माणसे बरीच असतात, त्यांची इथे गैरसोय होते. ज्यांची कंबर दुखते त्यांनी तिकीट काढण्याआधी याचा नीट विचार करावा. माझ्या मते रात्रीच्या उड्डाणासाठी हे आसन उत्तम आणि दिवसाच्या लांब उड्डाणासाठी मध्यम आहे. एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने नोंदवली पाहिजे: सगळ्या कंपन्या एकमेकींच्या दरवाजेवाल्या आसनांची नक्कल करत असताना तिने मूळ गरजेपासून नवा विचार केला.

याच नूतनीकरणात प्रीमियम इकॉनॉमी हा वर्ग प्रथमच आला. ए-३५० मध्ये त्याची मांडणी दोन-चार-दोन अशी असून ती जागा स्वतंत्र पडद्याआड आहे. पूर्वी बिझनेस आणि इकॉनॉमी यांच्यात काहीच नव्हते. प्रवास तेरा तासांवर गेल्यानंतर ही मधली पायरी नेमक्या वेळी आली असे म्हणावे लागेल. दोघे एकत्र प्रवास करत असतील तर बाजूच्या दोन आसनांची जोडी सर्वांत सोयीची.

इकॉनॉमीत ए-३५० ची रांग तीन-तीन-तीन अशी आहे आणि दोन रांगांमधले अंतर सुमारे ३१ इंच. हे अंतर आजच्या सर्वसाधारण मापाइतकेच आहे, त्याहून उदार नाही. इथे ताफ्यातला एक बारकावा प्रवाशाने लक्षात ठेवावा. ए-३५० विमाने दोन मांडणींची आहेत: एकीत एकूण २७८ जागा, त्यांतल्या ४३ बिझनेसच्या, आणि दुसरीत ३२१ जागा, त्यांतल्या ३० बिझनेसच्या. आसनांचा तक्ता पाहून आपले विमान कोणते ते ओळखता येते. ए-३३० मध्ये इकॉनॉमीची मांडणी दोन-चार-दोन आहे, त्यामुळे जोडीने जाणाऱ्यांना खिडकीच्या बाजूची दोन आसने पूर्ण स्वतःची मिळतात. हवेची आणि शांततेची सोय मात्र ए-३५० मध्येच जास्त.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लांबच्या मार्गांवर ते नीटनेटके असते, आणि जवळच्या युरोपीय मार्गांवर इकॉनॉमीच्या प्रवाशाला बहुतेक गोष्टी विकत घ्याव्या लागतात. ब्लूबेरीचा रस ही मात्र कंपनीची खूण झाली आहे. खरी ओळख भांड्यांत आणि कापडांत दिसते. मारिमेक्को या फिनिश कंपनीच्या नक्षीच्या वस्तू वर्षानुवर्षे विमानात आहेत. आणि बिझनेस क्लासमध्ये मिळणारा, वितळत्या बर्फासारख्या पृष्ठभागाचा काचेचा पेला तापिओ विर्काला या रचनाकाराचा असून, १९६९ मध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली तेव्हापासून तो फिनएअरच्या प्रवाशांच्या हाती आहे. पन्नासहून अधिक वर्षे एकच पेला टिकवून ठेवणारी विमान कंपनी मला तरी दुसरी आठवत नाही. सेवेचा एकूण स्वभावही असाच आहे: कर्मचारी कमी बोलतात, काम नेमके करतात, आणि रात्री केबिनमध्ये विनाकारण घोषणा होत नाहीत. ज्यांना आर्जवी आदरातिथ्य आवडते त्यांना हे कोरडे वाटू शकेल. मला ते आवडते.

हेलसिंकीचा वांता विमानतळ हा या सेवेचा अविभाज्य भाग आहे, आणि विमान बदलण्यासाठी तो युरोपातल्या चांगल्या विमानतळांपैकी एक आहे. अलीकडच्या मोठ्या विस्तारानंतर सगळे कामकाज एकाच छताखाली आले आहे. एका विमानातून दुसऱ्यात जाण्यासाठी चाळीस मिनिटांच्या आसपासची वेळ पुरेशी मानली जाते, जी लंडन किंवा पॅरिसमध्ये कल्पनेतही येत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की आशियातून येऊन शेंगेन देशांत, म्हणजे आपापसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, जाणाऱ्या प्रवाशाची पासपोर्ट तपासणी हेलसिंकीतच होते, आणि दुपारी अनेक मोठी विमाने एकापाठोपाठ उतरतात तेव्हा तिथे रांग लागते. तिकिटात कमीत कमी वेळ दाखवला असला तरी दीड-दोन तासांचे अंतर ठेवणारी जोडणी निवडलेली बरी. हिवाळ्याची भीती मात्र बाळगू नये. तीन धावपट्ट्या असलेल्या या विमानतळावर बर्फ हटवण्याचे काम इतके सरावाचे आहे, की हिमवर्षावामुळे सगळे ठप्प होणे ही तिथे फारच अपवादाची गोष्ट आहे. विमानावरचा बर्फ काढण्यात थोडा वेळ जातो, तेवढाच.

मालकीचा विषय प्रवाशाला दूरचा वाटतो, पण फिनएअरच्या बाबतीत तो सेवेपर्यंत पोहोचतो. फिनलंडच्या सरकारने १९४६ मध्ये कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला आणि आजही सुमारे ५५.७ टक्के भाग सरकारकडे आहे. १९८९ पासून तिचे समभाग हेलसिंकीच्या बाजारात आहेत, म्हणजे उरलेला हिस्सा संस्था आणि सामान्य गुंतवणूकदारांकडे आहे. परंतु १९९४ मध्ये फिनलंडच्या संसदेने ठरवल्याप्रमाणे निम्म्याहून अधिक मालकी सरकारकडेच राहावी लागते. साथीच्या काळात, २०२० मध्ये, कंपनीने हक्कभाग (आधीच्या भागधारकांना प्रथम देऊ केलेले नवे समभाग) विकून सुमारे ५० कोटी युरो उभे केले, आणि २०२३ मध्ये पुन्हा सुमारे ५७ कोटी युरो. दोन्ही वेळा सरकार मालक म्हणून मागे उभे राहिले. याच काळात कर्मचारीकपातही झाली आणि खर्चही कठोरपणे कमी केले गेले. २०२३ या वर्षी, म्हणजे शंभराव्या वर्षात, कंपनीने १८ कोटी ४० लाख युरोंचा तुलनात्मक परिचालन नफा, म्हणजे एकवेळचे जमाखर्च वगळून नेहमीच्या व्यवसायातून झालेला नफा, दाखवला. मुख्य मार्ग गमावलेल्या कंपनीसाठी हा आकडा लहान नाही. सरकारी मालकी म्हणजे ढिलाई, हे समीकरण इथे तरी खरे ठरत नाही. उलट, खाजगी मालकाने २०२२ मध्येच हात वर केले असते अशी शक्यता मला अधिक वाटते.

सरकारी मालकीचा दुसरा परिणाम देशांतर्गत मार्गांवर दिसतो. ओउलू, रोवानिएमी, किट्टिला, इवालो, कुसामो ही उत्तरेची ठिकाणे रेल्वेने लांब पडतात किंवा तिथे रेल्वे पोहोचतच नाही. या मार्गांवर आणि जवळच्या युरोपीय शहरांकडे एटीआर-७२ आणि एम्ब्राएर ई-१९० ही लहान विमाने उडतात, आणि ती फिनएअर स्वतः चालवत नाही. नॉर्रा ही कंपनी तिच्यासाठी ती चालवते. तीत फिनएअरचा हिस्सा ४० टक्के आणि डॅनिश एअर ट्रान्सपोर्टचा ६० टक्के आहे. तिकिटावर फिनएअर लिहिलेले असते, विमानाचा रंगही तोच असतो, तेव्हा प्रवाशाला फरक सहसा कळत नाही. लॅपलंडला, म्हणजे फिनलंडच्या या उत्तर टोकाला, जाणाऱ्यांसाठी मात्र मी फिनएअरची शिफारस निःशंकपणे करतो. हिवाळ्यात तिच्या फेऱ्या वाढतात, हेलसिंकीला पोहोचलेले सामान थेट पुढे जाते, आणि अंधार, बर्फ व उणे तीस अंशांची थंडी या परिस्थितीत नेहमी उडणाऱ्या वैमानिकांचा अनुभव दुसऱ्या कोणाकडे इतका नसेल.

युरोपातल्या जवळच्या मार्गांवर ए-३१९, ए-३२० आणि ए-३२१ विमाने आहेत, आणि ही या ताफ्याची दुबळी बाजू आहे. त्यांतली बरीचशी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आलेली आहेत. देखभाल चोख असली तरी केबिनचे वय लपत नाही, आणि नव्या विमानांच्या तुलनेत इंधनही जास्त लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एक विचित्र प्रसंग घडला: काही ए-३२१ विमानांतील आसनांची आवरणे पाण्याने धुतली गेली होती, आणि अशा धुण्याने त्यांची आगीपासून संरक्षण करण्याची क्षमता टिकते का हे तपासलेले नसल्याचे लक्षात येताच कंपनीने ती विमाने जमिनीवर उभी केली. अनेक उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांचे हाल झाले. तरी शंका येताच विमाने थांबवणे हाच बरोबर निर्णय होता. १९६१ आणि १९६३ मध्ये झालेल्या दोन डीसी-३ अपघातांनंतर या कंपनीच्या विमानाला एकही प्राणघातक अपघात झालेला नाही, तो अशाच सावधपणामुळे. एप्रिल २०२४ मध्ये उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या दिशादर्शक संकेतांत अडथळे येऊ लागल्याने एस्टोनियातल्या तार्तू शहराकडे निघालेली दोन विमाने न उतरता परत आली, तेव्हाही कंपनीने पर्यायी पद्धत बसवली जाईपर्यंत महिनाभर ती सेवाच बंद ठेवली. बाल्टिक परिसरात असे अडथळे आता नेहमीचे झाले आहेत, आणि फिनएअरला रोज त्यातूनच उडावे लागते.

तिकिटांच्या प्रकारांवर माझा आक्षेप आहे. सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इन सामान नसते, आसन निवडायचे पैसे वेगळे असतात, आणि युरोपातल्या सर्वांत स्वस्त प्रकारात तर चाकांची केबिन बॅगही वेगळी आकारली जाते. आसनाखाली मावेल एवढीच पिशवी मोफत नेता येते. स्वस्त दरात उडणाऱ्या कंपन्यांनी रुळवलेली ही पद्धत पूर्ण सेवेची म्हणवणाऱ्या कंपनीने उचलावी हे मला पटत नाही. ज्याला सामान न्यायचे आहे त्याने दरांची तुलना करताना पहिला आकडा न पाहता सामानासह शेवटचा आकडा पाहावा. नेहमीच्या प्रवाशांना मिळणाऱ्या गुणांच्या बाबतीत मात्र सोय वाढली आहे: मार्च २०२४ पासून फिनएअरने एव्हिऑस हे चलन स्वीकारले, त्यामुळे ब्रिटिश एअरवेज, इबेरिया किंवा कतार एअरवेजकडे साठवलेले गुण इथे आणि इथले तिथे वापरता येतात.

जपानच्या प्रवासासाठी आजही मी हिचा विचार करीन, पण वेळ वाचेल म्हणून करणार नाही. जपान एअरलाइन्सबरोबर तिची संयुक्त व्यवस्था आहे, म्हणून एकाच तिकिटावर जपानमधल्या लहान शहरांपर्यंत जाता येते, आणि ए-३५० मधले तेरा तास दुसऱ्या जुन्या विमानातल्या अकरा तासांपेक्षा कमी थकवणारे असतात. उत्तर युरोप, बाल्टिक देश आणि लॅपलंडसाठी ती पहिली पसंती असावी. पश्चिम किंवा दक्षिण युरोपात जाणाऱ्याला थेट विमान मिळत असेल, तर हेलसिंकीला वळसा घालण्याचे कारण नाही. तिकीट काढताना विमानाचा प्रकार मात्र जरूर तपासावा, कारण एकाच कंपनीच्या ए-३५० आणि जुन्या ए-३१९ मधल्या प्रवासात फार मोठे अंतर आहे, आणि जवळच्या मार्गांवरची ती जुनी विमाने बदलली जाईपर्यंत ते अंतर राहणारच आहे.